डबल-अपवर लावलेला जिना

“निर्णय बरोबर होता, निकाल चुकला,” असं कुणी म्हटलं की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते. कुणी ते ऑफिसातल्या कामाबद्दल म्हणो, शेअरबद्दल म्हणो की क्रिकेटमधल्या टॉसबद्दल, मला डोळ्यांसमोर फक्त आमचा जर्मनीतल्या गेर्लिंगेनचा जिना दिसतो. नवऱ्याला हे पक्कं ठाऊक आहे. तरी वर्षातून एकदा तरी हे वाक्य त्याच्या तोंडून निसटतंच, आणि मग त्या दिवशी आमच्या घरात फक्त मुलगी बोलते, तीही जर्मनमध्ये.

गोष्ट दोन हजार पंधराच्या आसपासची, मुलगी व्हायच्या आधीची. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. मजल्यावर दोनच घरं, समोरासमोर. एकात आम्ही, दुसऱ्यात नवऱ्याच्याच ऑफिसातला नाशिकचा इंजिनिअर, त्याची बायको आणि त्यांची नुकती बसायला लागलेली मुलगी. मी त्याला भावजी म्हणायची, ती मला ताई म्हणायची. तळमजल्यावर एक म्हातारी होती. घराची मालकीण नव्हती, पण खरी मालकीणसुद्धा तिला वचकून असायची.

त्या भागात केअरवोखं नावाची एक चीज आहे. एक आठवडा मजल्याचा जिना झाडायची-पुसायची पाळी तुमची, पुढचा आठवडा समोरच्यांची. ज्याची पाळी त्याच्या दारावर एक लाकडी पाटी लटकते. आठवडा संपला की पाटी उचलून समोरच्या दाराला अडकवायची. भाड्याच्या करारात हे लिहिलेलंच असतं. करारात नुसतं ‘आठवडा’ म्हटलेलं होतं, पण म्हातारीच्या लेखी केअरवोखं म्हणजे शनिवारची सकाळ. शुक्रवारी पुसलेला जिना तिच्या मते शनिवारपर्यंत शिळा होतो.

माझी अडचण अशी की शनिवारी सकाळी माझा जर्मनचा क्लास असायचा, श्टुटगार्टला. पुण्यात मी एका हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करत होते. इथे आपोटेकमध्ये, म्हणजे औषधांच्या दुकानात, उभं राहायचं तर आधी भाषेची मोठी परीक्षा, मग पुढच्या परीक्षा, मग कागदपत्रं. लग्न करून आले तेव्हा मला ‘ब्रोट’, म्हणजे पाव, एवढाच शब्द येत होता. तिथून त्या मोठ्या परीक्षेच्या वर्गापर्यंत मी कशी पोचले ते माझं मलाच माहीत. आमची पाळी असली की मी अंधारात उठून जिना पुसायची, बोटांना फिनेलचा वास घेऊन श्टाटबान पकडायची आणि क्लासमध्ये जांभया देत बसायची.

नवऱ्यानं का नाही पुसला, असं कुणीही विचारेल. पुसला होता, एकदा. वरून खाली पुसत यायचं सोडून तो खालून वर पुसत गेला, मग बूट घालून त्याच ओल्या पायऱ्यांवरून खाली आला. म्हातारीनं आमची घंटा वाजवली. तो दारात उभा असताना त्याच्याकडे न बघता मागे उभ्या असलेल्या मला म्हणाली, तुमच्या नवऱ्याला दाखवून द्या कसं पुसतात ते. तो हसला आणि तेव्हापासून मोकळा झाला. “आपल्याला नाही बुवा जमत ते,” असं पाहुण्यांना कौतुकानं सांगायचा. जो माणूस इंजिनात किती थेंब इंधन कधी पडावं ते ठरवतो, त्याला बादली आणि फडकं जमत नाही, आणि यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

आता खेळाचं. ऑफिसच्या लोकांबरोबर नवरा एकदा कसिनोत गेला होता, कोट घालून, ओळखपत्र दाखवून. तिथे त्याला एका कोपऱ्यातलं व्हिडिओ पोकरचं मशीन आवडलं. परत आल्यावर ‘इथे नशीब नाही, गणित आहे’ असं सुरू झालं. मी स्पष्ट सांगितलं, पैसे लावलेस तर या घरात तू तरी राहशील किंवा मी. ते त्यानं ऐकलं. टॅबलेटवर तो खेळ फुकट मिळत होता, तो घेतला. पण खोट्या नाण्यांत मजा येईना. काहीतरी लावल्याशिवाय खेळात जीव येत नाही, असं भावजींचं म्हणणं पडलं. मग एका रविवारी जेवणानंतर दोन सुशिक्षित माणसांनी डोकी एकत्र लावून असं काही शोधलं, जे पैसे नाहीत पण ज्याला किंमत आहे. त्यांनी जिना लावला.

नियम सोपे होते. दर रविवारी दुपारी दोघांनी आळीपाळीनं डाव खेळायचा. पाच पानं येतात, नको ती टाकून नवी घेता येतात. ज्याला आधी तिय्या, म्हणजे एकसारखी तीन पानं, किंवा त्याहून मोठं काही लागेल तो जिंकला. त्या आठवड्याची केअरवोखं समोरच्याची, पाटी समोरच्याच्या दारावर. एवढ्यावर थांबले असते तरी मी गिळलं असतं. पण जिंकल्यावर मशीन विचारतं, डबल-अप करायचं का? हो म्हटलं की एक पान उघडं पडतं, चार पालथी पडतात. चारांतलं एक आपण उलटायचं. उघड्या पानाहून मोठं निघालं तर जिंकलेलं दुप्पट, लहान निघालं तर जिंकलेलं सगळं गेलं. यांच्या नियमात दुप्पट म्हणजे दोन आठवडे सुट्टी, पुन्हा दुप्पट म्हणजे चार. आणि हरलं तर जिंकलेले सगळे आठवडे उलटे फिरून आपल्याच दारावर.

डबल-अप कधी करावं यावर दोघं तासन्‌तास बोलायचे. भावजी सावध होते. त्यांचं म्हणणं, एकदा करावं, दुसऱ्यांदा करू नये. नवऱ्याचं म्हणणं, सारखं करावं. “आल्झो, ऐक ना,” तो टेबलावर बोट आपटत सांगायचा. “बाकी प्रत्येक डावात मशीन तुझं थोडं थोडं कापतं. फक्त डबल-अपमध्ये कापत नाही. तिथे अगदी पन्नास-पन्नास आहे. म्हणजे अख्ख्या मशीनमध्ये प्रामाणिक बटण एकच. आणि ते दाबायला तू घाबरतोस?”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” भावजी म्हणायचे आणि चहाला हात घालायचे. चहा अर्थात मी केलेला असायचा.

या सगळ्यात एक गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नव्हती, आणि मी ती बोलूनही दाखवली होती. नवरा जिंकला की जिना समोरची पुसणार. नवरा हरला की मी पुसणार. खेळायचे हे दोघं, आणि बादली फिरायची आम्हा दोघींत. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते यालाच. मी असं म्हणाले तेव्हा दोघं खळखळून हसले आणि भावजी म्हणाले, “वहिनी, तुमचं बोलणं म्हणजे एकदम फर्मास!” नाशिकचा माणूस फर्मास म्हणाला की संपलं, पुढे बोलायचं काय?

समोरची वयानं माझ्याहून लहान, अबोल. एकदा पाटी त्यांच्या दारावर असताना मी क्लासहून लवकर आले. ती एका हातानं पायऱ्या पुसत होती आणि वरच्या पायरीवर टोपलीत मुलगी रडत होती. मी फडकं मागितलं तर म्हणाली, “राहू द्या ताई, आमची पाळी आहे.” पाळी त्यांची नव्हतीच. करारानुसार तो आठवडा आमचा होता, नवऱ्यानं तो डबल-अपमध्ये तिच्यावर ढकलला होता. मी वर जाऊन नवऱ्याला हे सांगितलं. तो म्हणाला, “अगं, पण आपण जिंकलो ना!” त्या दिवशी मी ताट आपटलं.

परीक्षेची तारीख आली ती थंडीतली, शनिवारचीच. ती हुकली तर पुढची संधी वसंतानंतर, आणि आपोटेकमध्ये एका जागेबद्दल माझं बोलणं झालं होतं, ती जागा तोवर थांबणार नव्हती. तिथल्या मालकीणबाईंनी तसं सरळ सांगितलं होतं. म्हणजे तीन वर्षांची धडपड त्या एका शनिवारवर येऊन टेकली होती. नवऱ्याला हे सगळं माहीत होतं. त्यानं माझ्याकडून तोंडी परीक्षेचा सरावही करून घेतला होता, हे मी प्रामाणिकपणे सांगते. तो वाईट माणूस नाही. वाईट असता तर मी केव्हाच भांडून मोकळी झाले असते.

परीक्षेच्या आधीचा रविवार. बाहेर बर्फ पडून वितळत होता, जिन्यावर सगळ्यांच्या बुटांचा राडा. त्या आठवड्याची पाळी करारानं आमची होती. मी मनाशी ठरवलं होतं की शुक्रवारी संध्याकाळीच पुसून टाकू, म्हातारी बोंबलली तर बोंबलू दे. पण टेबलावरून आरडाओरडा ऐकू आला. नवऱ्याला तीन राण्या लागल्या होत्या.

“तुझा शनिवार सुटला!” तो ओरडला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. समोरचीबद्दल वाईट वाटलं, पण आनंद आधी झाला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, “बास. आता थांब. हा शनिवार मला हवाय.”

“एकच डबल-अप.”

“नको.”

“अगं, पन्नास-पन्नास आहे.” आणि त्यानं बटण दाबलं. सत्ता उघडा पडला, यानं उलटलं ते दहा निघालं. दोन आठवडे. भावजींनी कपाळावर हात मारला.

“आता तरी थांबशील?” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

“आता कसला थांबतो! हरलो तरी आपलं काय जातंय? जिंकलेलंच जाईल ना.” पुन्हा बटण. या वेळी पंजा उघडा पडला. नवरा खुर्चीतून अर्धा उठला. “पंजा! पंजाच्या वर काहीही चालेल! बघ, बघ आता!” त्यानं चारांतलं दुसरं पान उलटलं.

तिर्री.

भावजी टाळ्या वाजवायला लागले. नवरा माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे, एखाद्या नव्या माणसाला काम समजावून सांगावं तसं म्हणाला, “निर्णय बरोबर होता. निकाल चुकला.”

मी भावजींना घरी जायला सांगितलं. ते गेल्यावर मी जे बोलले ते मला आजही शब्दन्‌शब्द आठवतं, कारण आयुष्यात एवढं मुद्द्याचं मी क्वचितच बोलले असेन.

“मशीनमध्ये डबल-अप हरलास तर काय होतं?” मी विचारलं.

“शून्य. जिंकलेलं जातं, आपण रिकाम्या हातानं उठतो.”

“आणि जिन्यात?”

त्यानं टॅबलेट पालथा ठेवला.

“जिन्यात शून्य नसतं. तू नाही पुसलास तर तो न पुसलेला राहत नाही, कुणीतरी पुसतंच. मशीन तुला रिकाम्या हातानं सोडतं. इथे हात रिकामा राहत नाही, त्यात बादली येते. आणि तो हात तुझा नसतो! एक आठवडा मिळावा म्हणून तू काय काय लावतोस ते एकदा नीट मांड. मांड ना, एवढा इंजिनिअर आहेस तर! आणि ‘आपलं काय जातंय’ म्हणालास. तुला तीन राण्या लागल्या त्या क्षणी तो शनिवार माझा झाला होता. मी तो मनात वापरायलाही घेतला होता. तुझ्यासाठी ते जिंकलेलं होतं, माझ्यासाठी माझं होतं. माझं तू न विचारता लावलंस.”

तो बोटांवर काहीतरी मोजायला लागला. मला वाटलं, आता तरी लागलं असेल कुठेतरी. मग म्हणाला, “हं. हे खरंच आम्ही धरलं नव्हतं. नियम बदलायला पाहिजे.”

नियम! मी स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या लाटायला घेतल्या आणि पहिल्या दोन जाळल्या. रात्री जेवताना त्यानं वरमून सांगितलं, “शनिवारी जिना मी करतो. शब्द. तू फक्त परीक्षेचं बघ.” मी शब्दावर विश्वास ठेवला. न ठेवून करणार काय, नवराच होता तो.

शनिवारी निघताना त्याला हलवलं. “उठतोच आहे, तू जा. ऑल द बेस्ट,” असं उशीत तोंड खुपसून म्हणाला. मी दार उघडलं तर जिन्याचा वरचा भाग ओला आणि स्वच्छ होता. खालच्या वळणावर समोरची होती. मुलगी कापडानं छातीशी बांधलेली, हातात फडकं, शेजारी बादली. मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं, कारण मुलीचा नुकता डोळा लागला होता.

“ठेव ती बादली,” मी दबक्या आवाजात म्हणाले. “पाटी आमच्या दारावर आहे. त्यानं करायचंय, त्यानं शब्द दिलाय.”

“ताई, ते उठणार नाहीत.” तिनं हे अगदी साधेपणानं सांगितलं. “काल हे खुशीत होते, आपण सुटलो म्हणून. मला झोपच लागली नाही. बाराच्या आत झालं नाही तर म्हातारी घंटा वाजवत बसणार, आणि तुम्ही तिथे पेपर लिहिताना मनात जिनाच पुसणार. मी ओळखते तुम्हाला. जा तुम्ही.” मग फडकं पिळत म्हणाली, “मी बी.एड. आहे ताई. हिला किंडरगार्टनमध्ये घातलं की मलाही त्या क्लासला जायचंय. तुम्ही पास झालात तर मला विचारता येईल कुणालातरी.”

तिला मिठी मारावी असं वाटलं, असं लिहिलं तर छान दिसेल, पण तसं मला अजिबात वाटलं नाही. मला राग आला. वर झोपलेल्या दोघांचा आलाच, पण हिचाही आला, हिच्या शहाणपणाचा, हिनं सगळं आधीच धरून चालण्याचा. आणि तरी मी तिला वळसा घालून, कोरड्या कडेनं पाय टाकत, खाली उतरले आणि गेले. स्टॉपवर श्टाटबान उभीच होती.

तोंडी परीक्षेत दोघांनी मिळून एका विषयावर चर्चा करायची असते. माझ्यासोबत एक गंभीर तरुण होता. विषय ऑफिसात कामं कशी वाटावीत असा काहीतरी होता. तो तरुण म्हणाला, सगळे समजूतदार असतील तर कामं आपोआप वाटली जातात. त्यानंतर मी जे जर्मन बोलले ते मी आधी कधी बोलले नव्हते आणि नंतरही फारसं बोलू शकले नाही. आपोआप काय होतं, आपोआप होतं म्हणजे कोण करतं, हे मी त्या बिचाऱ्याला विचारत सुटले. क्रियापदं आपापल्या जागी जाऊन बसत होती. परीक्षक बाई लिहायचं थांबून ऐकत होत्या. मी पास झाले, पण ते कळलं बऱ्याच आठवड्यांनी.

दुपारी घरी आले तर दोघं आमच्या टेबलाशी, टॅबलेट भावजींच्या मांडीवर. नवरा लगबगीनं उठला. “कशी झाली?”

“झाली.”

“बैस, बैस. काय गं, सकाळी किती लवकर उठून केलास जिना? मला हाक मारायची ना! मी दहाला उठून बघतो तर चकाचक. खालच्या आजीसुद्धा जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, असा जिना हवा. मी म्हटलं, दांके.”

त्यानं दांके म्हटलं होतं. कौतुक स्वीकारून आला होता.

“मानलं वहिनी तुम्हाला,” भावजी म्हणाले. “परीक्षेच्या दिवशीसुद्धा! आमच्याकडे ही सकाळभर बाळाजवळच होती.”

“आणि बघ,” नवरा आता खुलला होता, “रविवारी केवढी चिडली होतीस. शेवटी गेलं काय आपलं? परीक्षाही झाली, जिनाही झाला.”

मी कोट काढला नव्हता. “जिना मी नाही केला,” मी म्हणाले.

दोघं हसायचे थांबले. नवऱ्यानं भावजींकडे पाहिलं, भावजींनी नवऱ्याकडे. “मग केला कोणी?” नवऱ्यानं विचारलं, आणि खरोखरच, अगदी मनापासून, त्याला कळत नव्हतं. आमचं दार उघडंच होतं. दारात समोरची उभी होती, कडेवर मुलगी, भावजींना जेवायला बोलवायला आलेली. तिच्याकडे कुणी मानसुद्धा वळवली नाही.

मी तिच्याकडून मुलीला घेतलं आणि भावजींच्या मांडीवर बसवलं. टॅबलेट उचलून बाजूला ठेवायचं त्यांना भान नव्हतं, मुलगी त्याच्यावरच बसली आणि भोकाड पसरून रडायला लागली.

“अहो वहिनी, हिला भूक लागली असेल,” ते गडबडून म्हणाले.

“दूध फ्रिजमध्ये आहे, कोमट करून द्या,” समोरची म्हणाली. इतक्या महिन्यांत त्या टेबलाशी उभी राहून ती पहिल्यांदाच बोलत होती. “आणि हो, घाण पाण्याची बादली खाली तळघराच्या दाराशी राहिलीय. सकाळी ही उठून रडायला लागली म्हणून मला वर आणता आली नाही. तेवढी ओतून, धुऊन ठेवा.”

भावजींचा चेहरा उतरला. मी समोरचीला म्हटलं, कोट घाल, आपण बेकरीत जाऊन काहीतरी खाऊ. तिनं कोट घातला, आणि आम्ही त्या स्वच्छ जिन्यावरून खाली उतरलो, माझे बूट अजून ओलेच होते. मागून मुलीचं रडणं ऐकू येत होतं, पण कुणाची पावलं येत नव्हती.

बादली तळघराच्या दाराशीच होती. ती सवयीनं वाकली. मी तिचा दंड धरला, आणि आम्ही बाहेर पडलो.